न्हावऱ्याच्या समुद्राची वाटणी

मी, मल्हारी बापूसाहेब कोरेकर, वय ६८, दूध संकलन केंद्राचा निवृत्त सचिव, राहणार न्हावरे, ता. शिरूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, चहा पिऊन, शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ज्यांना तो पुरणार नाही त्यांनी मी आहे तोवर समोर येऊन बोलावं.

१. शेतजमीन मुलगा विश्वजीत व मुलगी सायली यांना निम्मी निम्मी. हक्कसोडीचा कागद घेऊन कोणी सायलीच्या दारात जाऊ नये.

२. पुढच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आहे. तीत खारं पाणी, जिवंत प्रवाळं आणि दोन नारिंगी पट्टेरी मासे आहेत. ती मांडली तेव्हा चुलतभाऊ हौसराव पारावर म्हणाले, "सचिव दुधातलं पाणी शोधून दमला, आता पाण्यात मीठ घालाय लागला." मी खारेपणा दूध तपासायच्या लॅक्टोमीटरनंच मोजत असे. समुद्राचं पाणी सव्वीसला लागतं. हौसरावांचं दूध चोवीसच्या वर कधी गेलं नाही. तो लॅक्टोमीटर त्यांना द्यावा.

३. सुरुवातीला मी बोअरचं पाणी भरलं. आमचं बोअर मचूळ, म्हटलं अर्धा समुद्र आयताच मिळाला. पण उसाला टाकलेला युरिया त्यात उतरलेला. पंधरा दिवसांत टाकी शेवाळानं हिरवी झाली, मासे मेले. चूक माझीच. शिरूरचे माझे मित्र सुभान पंपांच्या जळक्या मोटारी भरतात, ते म्हणाले, "सचिव, ह्ये पाणी उसाला पाजा, माशाला न्हाई." त्यांनीच पाणी शुद्ध करायचं यंत्र, लाटांचा पंप आणि पाणी गार ठेवणारा चिलर बसवला. मग दोन महिने माशांवाचून टाकी चालवली, तेव्हा कुठं पाणी मुरलं आणि आताचे मासे सोडले. माझी सगळी हत्यारं सुभानना द्यावीत.

४. राहतं घर, टाकी व तिचं सर्व सामान सून माया हिला. माझी पत्नी सोजराबाई हयातभर याच घरात राहील.

कारण लिहितो. माया दौंडची. विश्वजीतनं आमच्या मर्जीबाहेर लग्न केलं म्हणून सहा वर्षं मी तिच्याशी थेट बोललो नाही. टाकीच्या खोलीत तिला मज्जाव होता. गेल्या एप्रिलमध्ये मी दवाखान्यात असताना ट्रान्सफॉर्मर जळाला. टाकीची जबाबदारी विश्वजीतची, आणि तो कांद्याची गाडी घेऊन राहू गावात अडकलेला. मायानं टाकीला ओली गोणपाटं गुंडाळली आणि दीड दिवस तांब्यानं पाणी उंचावरून ओतत राहिली, माशांना हवा मिळावी म्हणून. मी घरी आलो, सगळं जिवंत पाहिलं आणि विश्वजीतची पाठ थोपटली. तो गप्प राहिला. घर त्याला का नाही, हे त्यानं यावरून समजावं.

सोजराबाई म्हणाली, "तिच्या हाताची सालं निघाल्यात, बघा तरी!" मी तिचे हात पाहिले. मला लाज वाटली.

मेल्यावर वाचून दाखवण्याचा हा मजकूर नव्हे. म्हणून सहीआधी मायाला हाक मारली आणि कलम चार वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला, मग म्हणाली, "आबा, घराचं नंतर बघू. उद्या पाणी बदलायचंय. तुम्ही नुसतं मीठ कालवायचं, बादली उचलायची न्हाई."

५. टाकीच्या बाबतीत मायाचा शब्द अखेरचा. बाकी कलमं माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. हे आजपासून, आणि प्रथम मला.

सही: मल्हारी बापूसाहेब कोरेकर

साक्षीदार (यांना वरीलपैकी काही मिळत नाही):
१. म्हाळू सखाराम शेंडगे, न्हावरे
२. शाहिस्ता रज्जाक पठाण, शिरूर

स्थळ: न्हावरे
दिनांक: १४ ऑगस्ट २०२४