पट्ट्यापाशी थांबलेलं वाक्य

आबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी अजून तुम्हाला काहीतरी समजावून सांगायलाच बसले आहे. बारामतीत मी समुपदेशन करते. मनावरच्या जुन्या आघातांसाठी डोळ्यांच्या हालचालींची एक उपचारपद्धती आहे. समोरच्या माणसाने तो प्रसंग मनात धरायचा आणि माझी दोन बोटं डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे जाताना नजरेने पाहत राहायची. मनाला एकाच वेळी दोन कामं दिली की आठवणीचं चित्र फिकं पडत जातं, असं एक स्पष्टीकरण आहे. त्यावर अजून सर्वांचं एकमत नाही. प्रसंग पुसला जात नाही, त्याचा डंख उतरतो. आणि यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे उपचार करणाऱ्याने जवळजवळ बोलायचंच नसतं. हात थांबवायचा, "काय आलं?" एवढंच विचारायचं आणि उत्तर पुरं होईपर्यंत गप्प राहायचं. ही पद्धत तेव्हा मला ठाऊक नव्हती, असं म्हणून मात्र मला सुटता येत नाही.

शेळगावचं आपलं स्वयंपाकघर, भर दुपार. मानसशास्त्राचं पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीला आले आहे. तुम्ही उंबऱ्याशी सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला आहात. आपल्या घरात गूळ येत नाही. गुऱ्हाळाच्या चरकात तुमच्या सोबत्याचा हात गेला त्या दिवसापासून येत नाही, एवढंच आईने मला सांगितलेलं. तुम्ही वर न बघता विचारता, "बाई, तुझ्या पुस्तकात हाय का गं, डोळं मिटलं की त्ये गुऱ्हाळाचं इंजिन का चालू हुतं?"

मला केवढा आनंद झाला! चुलीतला कोळसा घेऊन मी फरशीवर मेंदू काढला, त्यात धोका ओळखणारा बदामाएवढा भाग दाखवला.

"बदाम म्हणं! शेंगदाण्यावर न्हाय का भागत?" तुम्ही हसलात. मग हातातली शेंग तशीच राहिली. "त्या दिशी चरक थांबवाय मी इंजिनाचा पट्टा पाडाय गेलो, आन्..."

"थांबा आबा, एवढं पूर्ण होऊ द्या." माझे दोन मुद्दे उरले होते.

तुम्ही थांबलात. दोन्ही मुद्दे ऐकलेत आणि सूप उचलून उठलात. "लई शिकलीस. चालू द्या, मास्तरीणबाई." आबांना सगळं समजलं, असं मी आईला अभिमानाने सांगितलं. तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाही. मीही कधी विचारलं नाही.

या पद्धतीच्या प्रशिक्षणात एकमेकांवर सराव करावा लागतो, तोही स्वतःच्या खऱ्या आठवणीवर. मी ती दुपार निवडली. त्रास शून्य ते दहा असा मोजतात. मी सात सांगितला. सहकारी बाईंची बोटं फिरू लागली. काय आलं? सूप. काय आलं? माझे कोळशाने काळे झालेले हात. काय आलं? पट्टा पाडाय गेलो, आन्... त्यापुढे मला जाता येईना, कारण पुढचं माझ्यापाशी नाहीच. शिक्षक आणि सगळा वर्ग पाहत होता. पद्धत यशस्वी झालेली दिसावी, याची मला फार हौस. बाईंनी शेवटी आकडा विचारला तेव्हा मी शून्य म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हे पत्र कुठे धाडणार? टेबलाच्या खणातच राहील. सातच होता, आबा.