करंजघाटचा चौथा खांब

२१ ऑगस्ट, गुरुवार. सातारा

यादी आली. करंजघाट नाही!

अकरा पूल आहेत. टोलच्या पुलांना भूकंपात तग धरता यावा म्हणून सरकारने निधी दिलाय, पहिल्या टप्प्यात अकराच. आमच्या करंजघाटच्या पुलावरून दिवसाला नऊ हजार गाड्या जातात. कंपनीची मुदत संपून पूल आमच्या बांधकाम खात्याकडे आला, टोलही आता आम्हीच घेतो. आणि धक्के तर या भागाच्या पाचवीलाच पुजलेले. तरी नाही.

साहेबांनी कारण वाचून दाखवलं. "मागील तीन वर्षांच्या पाहणी अहवालांनुसार स्थिती समाधानकारक." मग माझ्याकडे बघून हसले. "श्रद्धा मॅडम, तुम्हीच एवढा चांगला ठेवलाय, आता त्याला कोण पैसे देणार?"

मीपण हसले. तीनही अहवाल माझे आहेत. तीनही वेळा मी पुलाखाली उतरलेले नाही.

लिहून टाकलं एकदाचं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

यादीत शेवटचा, अकरावा, उदयसिंहचा पूल. वडूजकडच्या टोलरस्त्यावरचा. तो दर वर्षी अहवालात 'खराब' लिहितो आणि दर वर्षी त्याला पत्र जातं — दुरुस्ती का केली नाही, खुलासा सादर करावा. ऑफिसात त्याची टिंगल चालते. मीच त्याला चहा पिता पिता शिकवलं होतं, "अरे, 'समाधानकारक' लिही आणि सुखी राहा. त्या शब्दाला कुणी प्रश्न विचारत नाही." मोठ्या ताईच्या तोऱ्यात!

त्याने ऐकलं नाही. म्हणून त्याला निधी.

२४ ऑगस्ट, रविवार. सांगली

घरी आले. नेहमीसारखीच पेठ नाक्यावरून वळसा घालून. माझा नवरा महावीर जेवताना म्हणाला, "करंजघाटवरून पाऊण तास वाचतो की. कशाला हिंडत येतीस?"

"टोल वाचतो," मी म्हटलं.

"तुला ओळखपत्र बघून सोडतात की! तुझाच नाका हाय तो."

सासूबाईंनीही मान वर करून पाहिलं. मी आमटीत भात कालवत बसले. दोन वर्षं झाली, मी त्या पुलावरून गाडी नेत नाही. ठरवून नाही हं. गाडी आपोआप पेठ नाक्याला वळते. आणि हाच महावीर आठवड्यातून दोनदा तासगावहून बेदाण्याचा टेम्पो त्याच पुलावरून नेतो. सासूबाई, आक्काताई, बुधवारी लेकीकडे जाऊन आल्या — त्याच पुलावरून. मी काही बोलले नव्हते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आमचं दशलक्षण पर्व सुरू, दहा दिवस, रोज एक गुण. आज उत्तम क्षमा. एकासन केलं, दिवसातून एकदाच जेवण. ऑफिसात सगळ्यांना कौतुक — "मॅडमचं कडक असतं बुवा!"

खरं तर भूकच नव्हती.

१ सप्टेंबर, सोमवार

उत्तम सत्याचा दिवस. तर मग मधमाश्यांचं खरं काय ते लिहिते.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहणीला गेले, तेव्हा चौथ्या खांबाच्या माथ्याला आग्या मोहोळ लागलं होतं. चांगलं सुपाएवढं. बेअरिंग बघायचं तर कठड्यावरून लोखंडी शिडीने त्या माथ्यावर उतरावं लागतं. बेअरिंग म्हणजे खांब आणि वरचा गर्डर, रस्ता पेलणारी तुळई, यांच्यामधली रबराची जाड उशी. ती जागेवर आहे की नाही, हे बघणं हीच तर पाहणी. बरोबरचा माणूस म्हणाला, धूर करून माश्या उठवू. मी म्हटलं, नको. आम्ही जैन. एवढ्या जिवांची हत्या माझ्या अहवालासाठी नको.

काय मान मिळाला मला! टोलनाक्यावरच्या केरबाने तर हात जोडले. केरबा तिथला सुरक्षारक्षक. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत हवालदार होता. म्हणाला, "म्याडम, तुमच्या धर्माला शोभलं बगा." मी नाक्यावरच्या खोलीत बसून चहा घेतला, 'समाधानकारक' लिहिलं, सही केली.

दया-बिया काही नव्हती. मी कठड्यावरून वाकून ती शिडी पाहिली होती. खाली कृष्णेचं पाणी फिरत होतं आणि मी दोन पावलं मागे सरले. मोहोळ नसतं तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. महाराजांचं प्रवचन ऐकून मान डोलावणारी मी — भित्रेपणाला अहिंसेचं नाव दिलं! पुढची दोन वर्षं तर शिडीपर्यंतसुद्धा गेले नाही. सरळ खोली, चहा, सही.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी साडेनऊला धक्का बसला. कपाटाची दारं वाजली, पंखा हलला. शिपाई म्हणाला, "आपला नेहमीचा." सगळे परत बसले.

मी मात्र टेबल धरून उभीच होते. पहिला विचार — महावीर आज तासगावला गेलाय.

त्याला फोन केला. पोचला होता. मग केरबाचाच फोन आला. "म्याडम, एकडाव येऊन बगा. आमी सांगून दमलो."

सांगून? मला कधी सांगितलं?

३ सप्टेंबर, बुधवार

उतरले.

केरबाने कमरेला दोर बांधला, स्वतः आधी उतरला. सदुसष्ट वर्षांचा माणूस! खालून म्हणत होता, "पानी बगू नगा. माझ्या टोपीकडं बगा." एकवीस पायऱ्या. मी रडत उतरले. उगाच कशाला खोटं लिहू.

मोहोळ नाहीच. वाळलेलं पोळं लोंबतंय, काळं, रिकामं. "त्या त्याच साली उठल्या, दिवाळीच्या आदी," केरबा म्हणाला.

बेअरिंग बाहेर सरकलंय. रबर फुगून फाटलंय. गर्डर खांबाच्या माथ्यावर निम्म्याहूनही कमी टेकलाय. आणि खांबावर तेलरंगाच्या रेघा — गर्डरची कड कुठवर सरकली ते दाखवायला केरबाने ओढलेल्या. दर दिवाळीला एक, बाजूला साल. पहिली आणि दुसरी रेघ यांत बोटभर अंतर. दुसरी आणि तिसरी यांत दोन बोटं. तिसरीपासून आजवर चार. गर्डर अडवायला बाजूला ठोकळे हवेत, निधी त्यासाठीच तर होता, इथे एकही नाही. एक बऱ्यापैकी धक्का बसला तर गाळा, दोन खांबांमधला अख्खा रस्ता, खाली.

वर येऊन त्याने नाक्यावरची नोंदवही उघडली. दर वर्षी त्याच्या मोठ्या, तुटक अक्षरात: 'चार नंबरचे बेरिंग सरकले आहे. म्याडमनी बघावे.' आणि खाली, तिन्ही वेळा, माझ्या हातचं — 'पाहिले.' सही. तारीख.

मी वाचलंसुद्धा नव्हतं. चहाचा कप ठेवायच्या आधी सही करून टाकली होती.

मला वाटलं, हा आता चार शब्द सुनावेल. सुनवायला हवे होते. त्याने इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "म्याडम, ही पानं फाडू का? तुमची नोकरी जायाची न्हाईतर."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. "नको" एवढंच तोंडातून निघालं. तेही लगेच नाही निघालं — दोन-तीन क्षण मी विचार केला. तेही इथे असू दे.

४ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांना फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून बघितले. मग म्हणाले, "परवाच्या धक्क्याने झालं असं लिहा. तुम्हीही सुटाल, मीही."

"मग निधी मिळेल?"

"तो नाही मिळणार. नवीन नुकसान तातडीच्या दुरुस्तीत जातं. बेअरिंग बदलून देतील. ठोकळ्यांचं पुढच्या टप्प्यात बघू."

पुढचा टप्पा कधी? ते त्यांनाही माहीत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिलं. 'दिनांक २ रोजीच्या धक्क्यामुळे.' वाक्य छान जमलंय. सहीसाठी ठेवलंय.

८ सप्टेंबर, सोमवार. सांगली

क्षमावाणी. सकाळी बस्तीत, आमच्या देवळात, सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते — कळत नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. मोबाईलवरून एकशे चाळीस जणांना तेच पाठवलं. फुलांचं चित्र लावून! कुणाचं काय चुकलं, कुणाला ठाऊक. मागणारा मोकळा, देणाराही मोकळा.

आक्काताईंच्या पाया पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू माझं काय वाईट केलंईस गं? बरी हाईस की."

राहवलं नाही. त्यांना आणि महावीरला सगळं सांगितलं. पुलाचं, शिडीचं, पेठ नाक्याचं. महावीर उठून गॅलरीत गेला. परत आल्यावर एकच बोलला, "आई त्या बुधवारी तिथनं गेली, तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस आठवतंय? 'सावकाश जा' म्हणालीस."

मला आठवत होतं.

दुपारी साताऱ्याला परत निघाले, करंजघाटवरून. पुलावर गाडी घातली आणि एकेक खांब मोजत गेले. नाक्यावर थांबून केरबापुढे हात जोडले. तो गडबडला. "आवं, माझी कशाला मागताय? मी काय, पगार घिऊन हितं बसतो." आणि मागच्या रांगेकडे बोट केलं. एक शाळेची गाडी, मागे एसटी, मागे दुधाचा टँकर. "मागायची तर ह्यांची मागा."

शुक्रवारचा कागद पर्समध्येच होता. गाडीत बसून फाडला.

१० सप्टेंबर, बुधवार

खरं पत्र दिलं. दीड पान. 'सन २०२२ पासूनचे तीनही अहवाल प्रत्यक्ष पाहणी न करता मी सादर केले. चौथ्या खांबावरील स्थिती किमान तीन वर्षांपासून बिघडत आहे. नोंदवहीतील पाने सोबत जोडली आहेत.' रेघांचे फोटो लावले. केरबाचं नाव घालू का विचारलं, तर म्हणाला, "घाला की. हवालदार म्हनून घाला."

साहेबांनी वाचलं. "अहो, हे स्वतःच्या हाताने?" एवढंच. पण पाठवलं त्यांनी. अडवलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अवजड गाड्या बंद. चौकशी लागली. ऑफिसात मी गेले की बोलणं थांबतं. कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला, "आता सगळ्यांचेच अहवाल उकरणार. हिला काय नडलं होतं!"

गावातले लोकही नाक्यावर आले होते. कारखान्याचा हंगाम तोंडावर, उसाच्या गाड्या कुठून न्यायच्या? एक म्हातारी, साळूबाई म्हणून, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तीन वर्सं टोल भरला बाई. त्यात ह्ये बगायचे पैसे न्हवते व्हय?"

होते. माझाच पगार होता तो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तपासणी पथक आलं, शिडीने उतरलं, तासभर मोजमाप केलं. त्यांच्यातला मोठा साहेब वर येऊन मला म्हणाला, "पत्र दिलंत ते बरं केलंत." मला बरं वाटलं. आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच चीड आली. चोराने चोरी परत ठेवली म्हणून त्याला हार घालतात का?

३० सप्टेंबर, मंगळवार

निलंबनाचा आदेश. सही करून घेतला. नीट वाचून, मग सही.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सांगली

सुधारित यादी आली. करंजघाट दुसऱ्या क्रमांकावर!

पूल अकराच. उदयसिंहचा गेला — त्याच्याकडे गाड्या कमी.

संध्याकाळी त्याचाच फोन. मी माफी मागायला लागले तर मध्येच म्हणाला, "न्हाई मॅडम, तुमच्या पुलाला लय गाड्या, बरोबरच हाय ते. फक्त एक विचारायचं होतं. पुढच्या आठवड्यात माझी पाहणी हाय. काय लिहू?"