कॅमेऱ्यासमोरची ओटी

त्या सकाळी सडा घालून, पाणी भरून मी भाकरीचं पीठ मळत होते, तेव्हा दारात कॅमेरा येऊन उभा राहिला. (नमस्कार आधी लिहायचा राहिला, गौरक्का, तो घे. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला?) कॅमेऱ्यामागे धारवाडच्या कॉलेजातली चैत्रा आणि तिचे सोबती. परीक्षेसाठी त्यांना समाजातल्या एखाद्या प्रश्नावर फिल्म करायची होती, आणि तो प्रश्न म्हणजे मी. नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, हा विषय. मी कुठे बसायचं, कुठे रडायचं, सगळं ठरवून आले होते. पांढरं लुगडंही आणलं होतं. म्हटलं, "बाळ, गदगच्या धुळीत पांढरं कोण नेसतं?" रडणंही जमेना. माझं रडणं सकाळी भांडी घासताना उरकलेलं असतं. नंतर दिवसभर मी मोकळी. (हे जाऊन सहा वर्षं झाली. चहाचं आधण अजून दोघांचं ठेवते आणि दोन्ही कप मीच पिते. चैत्राला हे फार आवडलं. म्हणाली, "आज्जी, हेच जरा हुंदका देऊन सांगा." दुसऱ्यांदा सांगताना मला हसूच आलं.)

मुख्य प्रसंग ओटीचा. गल्लीतल्या बायका ओळीनं बसवल्या. ओटी भरायचं काम शेजारच्या ईरव्वाला दिलं. तिनं मला वगळून पुढे जायचं, एवढंच. हे ती सहा वर्षं न चुकता करते, तेव्हा शिकवायची गरज नव्हती. पण कॅमेरा सुरू झाला आणि ईरव्वा माझ्यापुढे थांबली. तांदूळ, नारळ, गुळेदगुड्डचा खण, सगळं माझ्या पदरात घातलं. चैत्रा ओरडली, "अहो अव्वा, यांना सोडायचंय!"

ईरव्वा म्हणाली, "वा गं शहाणे! माझ्या लेकीच्या सासरचे फिल्म बघतील ना. मी काय वाईट बाई आहे होय?"

पुन्हा घेतलं, पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत माझी ओटी इतक्यांदा भरली, की नव्या नवरीचीही भरली नसेल. मी पदर सावरत बसले होते. नारळ जड असतो हे विसरलेच होते.

परवा चैत्रा फिल्म जोडून दाखवायला घेऊन आली. (सुरुवातीला माझ्या चेहऱ्याखाली 'निरक्षर' असं लिहिलं होतं. ते मीच वाचलं आणि काढायला लावलं.) ईरव्वाचा हात पुढे येतो, तिथेच कापून ओळीतल्या पुढच्या बाईची ओटी लावलेली. मी विचारलं, "माझी ओटी कुठे गेली?"

"आज्जी, ती ठेवली तर विषयच राहत नाही. सर नापास करतील."

"विषय कुठे जातोय? कॅमेरा न घेता ये आणि बघ. पण भरली ती भरली. ती पुसायची नाही."

पोरीनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. मग तिनं सगळ्या ओट्या एकापुढे एक जोडल्या. आता ईरव्वा भरतेच आहे, भरतेच आहे, आणि चैत्रा डोक्याला हात लावून बसलेली दिसते. सर काय म्हणायचं ते म्हणोत.

दाजींना नमस्कार सांग.

तुझी निंगव्वा

ता. क. खरं काम हे. उद्या ईरव्वाच्या नातीचं बारसं आहे. मला "जेवायच्या वेळेला ये" असा निरोप आहे, म्हणजे ओट्या आटोपल्यावर. तू तिला फोन करून सांग, की मुलं कॅमेरा घेऊन बारशालाही येणार आहेत.

आणखी एक ता. क. हे पत्र तुला पोचेपर्यंत नातीला दात येतील, हे वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं. म्हणून पेटीत टाकलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी ओट्यांच्या वेळेलाच गेले. कॅमेरा कुणाकडेच नव्हता. बायकांच्या ओळीत मधोमध बसले आणि पदर पुढे केला.