ओंजळभर जवस

५ जानेवारी २०२५, पलूस

गंगी पुन्हा उलटली! भरवूनही गाभण राहिली नाही, तिसऱ्यांदा. म्हैस माजावर आली की घरात माझाच पाणउतारा. मनू म्हणाली, "आवं, इकून टाका तिला. भाकड म्हस काय फोटू लावून पुजायची हाय?" फौजेत हवालदार होतो, पण बायकोपुढे मी कायम रिक्रूट. ठरलं — अजून एकदाच भरवायची. नाही राहिली तर बाजार.

६ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टर शिफा येऊन गेल्या. पहिला प्रश्न, "खायला काय घालता?" मी ऐटीत — उसाचं वाडं, हिरवे शेंडे! तोडणी चालू आहे, फुकट मिळतं, सगळा गाव तेच घालतो. "आणि?" आणि सुका कडबा.

"आकारामकाका, पोट भरतंय हो. पण काही स्निग्ध आम्लं जनावराच्या अंगात तयारच होत नाहीत, खाण्यातूनच जावी लागतात. ती कमी पडली की कातडी कोरडी पडते, गाभण राहणंही अवघड." थोडा हिरवा मका घाला म्हणाल्या, आणि भाजून भरडलेलं जवस, रोज ओंजळभर. गाभण राहीलच, असं वचन मात्र दिलं नाही.

मनू दारातून — "जवस चटणीला असतंय. म्हशीला न्हाई!"

७ जानेवारी

जवस आणलं. फौजेतल्या काळ्या ट्रंकेत लपवलं. मनू उठायच्या आत गंगीला घालायचं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला निघालो, तर गंगी माजावर! झेंडा राहिला. भरवून घेतली.

१६ फेब्रुवारी

एकवीस दिवस झाले, उलटायची असती तर आज माजावर आली असती. गंगी शांत! मी मात्र दहादा गोठ्यात. कातडी चकाकायला लागलीय, हात फिरवत बसावंसं वाटतं. मनू — "सारखं काय बघताय? म्हस हाय का नवरी?"

१० एप्रिल

गाभण! डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हसल्या. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू? मनू नुसतं "बरं झालं" म्हणाली आणि आत गेली. एवढंच! लय राग आला.

जाताना डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेण पातळ दिसतंय. जवस किती देता?" ओंजळभरच! "मग असं का? जास्त तेल पचत नाही हं तिला."

११ एप्रिल

दुपारी गोठ्यामागे होतो. मनू आली. पदराखालचं जवस ओंजळीत घेऊन गंगीपुढे धरलं. "खा गं बाय. त्यास्नी सांगू नगंस."

तसाच मागे सरलो. उद्यापासून मी घालणार नाही. तिची ओंजळ पुरते.