रिकाम्या मशीनवर चारशे बारा किलो

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ८.१०
रविवारी चिपळूणला आमच्या आळीतल्या ईश्वरीला बघायला पाहुणे येणार. आईनेच फोनवर सांगितलं, वर म्हणाली, मुलगा चांगला आहे हो. शुक्रवारच्या विमानाने इथून, आखातातून, जाऊन मी तिला मनातलं सांगणार. तिकीट काढलं, नॉन-रिफंडेबल. आमचे बॉस उल्हास सर म्हणाले, पोती भरायच्या मशीनचा कंट्रोल बोर्ड टेस्टमध्ये पास कर, मग रजा. बुधवारपर्यंत खलास.

दुपारी १
सरांचा कोड संथ. वजनांची बेरीज होते त्या लूपमध्ये, सी भाषेच्या मधोमध, माझ्या असेंब्लीच्या, म्हणजे थेट चिपच्या भाषेतल्या, दोन ओळी घुसवल्या. कुठल्या व्हेरिएबलचं मी काय करणार, तेवढं कोडचं भाषांतर करणाऱ्या कंपायलरला चिन्हांनी लिहून द्यायचं. दिलं. पंचवीस किलोचं पोतं पंचवीसच दाखवतंय. कॉलेजने काय गमावलंय!

४ नोव्हेंबर, मंगळवार
कोड आणखी वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन लावून बिल्ड केलं. मशीन रिकामी, वजन चारशे बारा किलो. सेन्सर खराब.
तीन सेन्सर बदलले. चारशे बारा. अख्खा लॉटच खराब.
ईश्वरीला मेसेज केला, सरप्राइज आहे. तिने अंगठा पाठवला. सगळ्यांना नाही पाठवत ती.

५ नोव्हेंबर, बुधवार
कंपायलरमध्ये बग सापडला. सरांना सांगितलं. म्हणाले, हबीबी, जगभर चालतो तो, तुझ्याच टेबलावर का रुसतो? मी कीबोर्ड आपटला. स्पेसबार गेला.
शेजारच्या अफशा मॅडम, खेडच्या, म्हणाल्या, दाखव रे त्या ओळी. नाही दाखवल्या. थर्ड इयरला एचओडी असाच दाखव म्हणाला होता, तेव्हा कॉलेज सोडलं. संकल्प: कुणाची मदत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी ११
मदत घेतलेली नाही. पाणी प्यायला गेलो, स्क्रीन उघडी राहिली, एवढंच. मॅडम वाचून मोकळ्या. म्हणाल्या, अरे बाबा, बेरजेपुढे तू नुसतं बरोबरचं (=) चिन्ह टाकलंयस. म्हणजे इथे फक्त लिहिणार, आधीचं वाचणार नाही. कंपायलर तुझी असेंब्ली उघडून बघत नाही, लिहून देशील तेच खरं मानतो. त्याने जुनी बेरीज दिली टाकून. अधिक (+) टाक, म्हणजे आधीचं वाचून मग लिहिणार.
टाकलं. शून्य किलो. मी तिथे येतच होतो.

दुपारी २
बोर्ड पास, रजा मंजूर. ईश्वरीला फोन केला, येतोय. म्हणाली, अय्या, तुला कुणी सांगितलं? मुलगा तिनेच घरी सुचवलेला. वर्षभर बोलतायत. रविवारी सरळ साखरपुडाच. म्हणाली, बरं झालं येतोयस, वाढायला माणसं कमी आहेत.

दुपारी ४
रजा कॅन्सल करायला गेलो. म्हटलं, बोर्डाला माझी गरज आहे. सर म्हणाले, बोर्ड मशीनसकट जहाजावर चढून गेला हमरिया बंदरातून. एअरपोर्टला मीच सोडतो तुला, यल्ला, चल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, विमानात
सीट मधली. दोन्हीकडचे झोपलेत, उठताही येत नाही. निघताना आईचा मेसेज: परेश मठ्ठा वाढेल असं ईश्वरीच्या घरी कळवलंय.
साफ नाही म्हणालो. जिलेबी वाढेन. जिलेबीवाला आग्रहाला पुन्हा पंगतीत जातो, ईश्वरीच्या पानापर्यंत.