खोगीर मीच धुतलं

प्रिय आबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा हाक मारली की ओट्यावरून ओ द्यायचात, पत्राची गरजच काय होती? आणि रडगाणं गायला बसलेली नाही, हे आधीच सांगते. तेवीस वर्षं उरावर घेतलेला धोंडा गेल्या पंधरवड्यात एकदाचा उतरला. तो उतरल्यावर कळलं की तिथं ठेवणारे तुम्हीच होता! आता भांडायला माणूस समोर नको का? म्हणून हा कागद.

आज खंडेनवमी. पूजेला कोयता, खुरपी, ह्यांचे नट-बोल्टचे पाने, माझी शिलाई मशीन मांडलीय, आणि मधोमध तुमचं खोगीर. तुम्ही गेलात म्हणून गेल्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा पहिलाच दसरा. खोगीर असं तकतकतंय की हळदीकुंकू लावताना माझंच बोट दोनदा घसरलं.

आठवतंय ना सगळं? माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. मी बारामतीत वाढलेली, घोडं बघितलेलं ते वरातीतलं. घट बसायच्या आधीचं धुणं निघालं. आत्याबाई म्हणाल्या, "घरात काय बी ठिवू नगंस. समदं धुऊन काढ." नवी सून मी! समदं म्हणजे समदं. गोधड्या, वाकळा, पोती, आणि खुंटीवरचं तुमचं खोगीरसुद्धा. उजनीच्या पाण्यावर नेलं, धुण्याचा सोडा टाकला, दगडावर ठेवून काथ्यानं घासलं. घोडीच्या घामाचा वास गेला म्हणून केवढी खूश झाले होते! मग नेऊन पत्र्यावर कडक उन्हात टाकलं. संध्याकाळपर्यंत त्याचा पापड झाला.

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बया! कातड्याला कुणी सोड्यात बुडवतं व्हय? तुझ्या म्हायेरी चपला बी भट्टीत घालत्यात का काय?"

तुम्ही रानातून आलात. खोगीर हातात घेऊन फिरवलंत, बोटानं वाजवून बघितलंत. मी दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून उभी. आणि तुम्ही हसलात, आबा! "जाऊ द्या. पोरीला समदं धू म्हटलं, पोरीनं समदं धुतलं." बस्स, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते की हो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकलूजचा पाहुणा येऊन तुमच्या घोडीला, हरणीला घेऊन गेला. ती वळून वळून बघत होती आणि तुम्ही गोठ्याकडं पाठ करून तंबाखू मळत होता. पुढं गावात जो तो विचारायचा, "आबा, घोडी का इकली?" आणि तुमचं उत्तर ठरलेलं: "काय करता? सूनबाईनं खोगीर धुतलं!" सगळा पार हसायचा. माझं नावच पडलं, खोगीर धुणारी. हळदीकुंकवाला गेलं तरी बाया म्हणायच्या, "बाई गं, आमचं काय धुऊ नगंस!" मीही दात काढायची. करता काय?

पण आत काय व्हायचं ते माझं मला ठाऊक. तुमचा शब्द मी लग्न ठरलं तेव्हापासून ऐकून होते. हे मोटारसायकल घेऊ म्हणायचे, तेव्हा तुम्ही भर पारावर म्हणाला होता, "जिवात जीव हाय तवर हरणीवरनं उतरायचा न्हाय." मेंढरं गेली, त्यांच्यामागं फिरणारा वाडा मोडला, शेती आली, तरी तुम्ही घोडीवरूनच इंदापूरचा बाजार करायचात. दसऱ्याला सोनं लुटायला सगळ्यांच्या पुढं तुमची हरणी. असल्या माणसाला मी मूठभर सोड्यानं खाली उतरवलं! ह्याचं काय करायचं होतं मी?

त्यात तुमचं ते आपट्याचं पान. दर दसऱ्याला पहिलं सोनं पोरांना नाही, मला. वर म्हणायचात, "सूनबाई, तुमचे लई उपकार हायत." मला वाटायचं, टोमणा मारताय. पाया पडताना मान वर करायची नाही मी.

आता एक चूक माझीही कबूल करते. शेवटच्या आजारपणात तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "सूनबाई, त्या खोगिराचं मला..." मी घाबरले. म्हटलं, आता जाता जाता हे बोलणार. म्हणून तुमच्या तोंडात चमचाच कोंबला! "जुनं कशाला उकरता आबा, पेज गार होतीय." तुम्ही पेजेबरोबर ते बोलणंही गिळलंत. तेव्हा दोन मिनिटं बोलू दिलं असतं तर? ह्याची मात्र हळहळ आहे हो.

यंदा घटाआधी परत धुणं निघालं. माळ्यावरचं काढताना खोगीर हाती आलं. बुरशीनं पांढरं पडलेलं, घोडीच्या पोटाखालून आवळायचा तंगाचा पट्टा उंदरांनी खाल्लेला, शिवण उसवलेली. हे म्हणाले, "दे भंगारात." माझ्या जिवाला बरं वाटेना. माझ्यामुळं बिघडलं, निदान भंगारात तरी मरू देऊ नये! स्कूटीच्या मागच्या सीटवर बांधलं आणि इंदापूर गाठलं. हायवेला ट्रकवाले वळून बघत होते. आबा, तुमचं खोगीर गाडीवर बसून गेलं बरं का!

पूर्वी खोगिरं शिवणारे तिथले रशीदचाचा आता ट्रॅक्टरच्या आणि मोटारसायकलच्या सीटा शिवतात. घोडी राहिलीत कुठं? त्यांनी काही विचारायच्या आतच मी सांगून टाकलं, "चाचा, हे मीच बिघडवलंय. सोड्यात धुतलं होतं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पळसदेवच्या आबांच्या सूनबाई का तुमी? त्या धुणाऱ्या?"

घ्या! इंदापूरपर्यंत कीर्ती!

चाचांनी खोगीर उलटं केलं, गादी बाजूला ओढली आणि आत बोट दाखवलं. आतलं लाकूड आडवं तडकलेलं, त्यावर लोखंडाच्या दोन पट्ट्या ठोकलेल्या. "ह्या पट्ट्या माझ्या हायत. तुमी धुवायच्या आदी मारलेल्या."

"आधी म्हणजे?"

"गणपती बसायच्या आदी. आबा ओढ्यात घोडीवरनं पडले, घरात कुणाला कळू दिलं न्हाय. खोगीर तडकलं अन् कंबर बी. मी म्हणलं, पट्ट्या मारतो, पर आता बसू नका. तर म्हणले, कुठला बसतोय रशीद, घोडीचं बोलणं झालंय, दसऱ्याला पाव्हना येणार. पर भर पारावर शब्द दिलाय, घरात अन् गावात काय सांगू तेवढं सुचंना."

मी स्टुलावर बसलेच. चाचा हसत हसत म्हणाले, "दिवाळीला परत आले. लई खुशीत व्हते. म्हणले, रशीद, सुटलो गड्या! सुनेनं खोगीरच धुऊन काढलं. माझा शब्द बी ऱ्हायला अन् कंबर बी. कुणाला बोलू नगंस."

अहो आबा! तेवीस वर्षं! तेवीस वर्षं मी मान खाली घालून पाया पडले आणि तुम्ही माझ्या पदराआड लपून बसला होता? मला आधी हसू फुटलं. दुकानात सीट घालायला आलेली गिऱ्हाइकं बघायला लागली तरी हसतेच आहे. मग रडू आलं, तेही भसाभसा. चाचांनी चहा मागवला. चहा पिताना ते पान आठवलं. लई उपकार हायत! टोमणा नव्हताच की तो. तुम्ही खरंच आभार मानत होता, आणि मी मेली दरवर्षी खाली बघत होते.

एवढं हलकं मला बाळंतपणानंतरसुद्धा वाटलं नव्हतं.

तरी सोड्यानं कातडं फुटलंच होतं, तेवढा गुन्हा माझा. मी विचारलं, आता होईल का नीट? चाचा म्हणाले, "कातडं तहानलंय, त्याला तेल पाजा. पर सबुरीनं." तंग नवा घातला, मेणाच्या दोऱ्यानं शिवण त्यांनी भरली. बाकीचं काम माझ्यावर सोपवलं. आठ दिवस रोज दुपारी मी ओट्यावर तुमच्या जागी बसायची. घट्ट पिळलेल्या फडक्यानं बुरशी पुसायची, शिवणीतली माती दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायची, मग बोटानं एरंडेल चोळायचं. उन्हात नाही हं, सावलीत! पहिल्या दिवशी तेल ओतलं की गुडूप. तिसऱ्या दिवशी काळपट तांबूस रंग वर आला. पाचव्या दिवशी पट्टा वाकवला तर करकरला नाही. बारीक चिरा राहिल्यात, त्या राहू द्या. आणि खरं सांगू? तेल मुरल्यावर घोडीच्या घामाचा थोडा वास परत आला. माझा सोडा कमीच पडला होता!

आज पूजेला शेजारपाजारच्या बाया आल्या. खोगीर बघून तोंडात बोटं घातली सगळ्यांनी. आत्याबाई पायऱ्यांवर बसून ऐटीत सांगत होत्या, "आमच्या मालकानं शब्द कधी मोडला न्हाय. मरंस्तवर बसले असते घोडीवर. पर ह्या आमच्या मंगलनं खोगीर धुतलं ना!"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आबा, ओठावर आलं होतं. गादी उचलून त्या दोन पट्ट्या दाखवल्या असत्या की काम झालं असतं. पण आत्याबाईंचं तोंड बघितलं. ऐंशीला टेकल्यात, गुडघे गेलेत, पण तुमच्या शब्दाचं नाव निघालं की अजून पाठ ताठ होते त्यांची. मी मान वर करून म्हणाले, "व्हय बाई, मीच धुतलं."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा ते म्हणताना लाज वाटली नाही.

तर आबा, ऐका. ह्यांनाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. चाचांनी जीभ चावून शपथ घेतलीय. उद्या दसरा. पहिलं सोनं तुमच्या खोगिरावर ठेवीन. दर दसऱ्याला ठेवीन, तेलही पाजीन. आणि मी आहे तोवर तुम्ही हरणीवरून कधी पडला नाहीत. तेवढा माझाही शब्द. तो मोडायला सोडा पुरायचा नाही!

तुमची,
खोगीर धुणारी सून,
मंगल