लाइट बिल नावाचं फोल्डर

मंगळ., ३ फेब्रु.

८७ टक्क्यांवर थांबलं. दुसऱ्यांदा.

लॅपटॉपची जुनी डिस्क काठोकाठ भरली आहे. गेल्या आठवड्यात कादंबरी सेव्ह करतानाही जागा नाही म्हणाली, म्हणून चौपट मोठी नवी आणली. ती एका छोट्या डबीत बसवून वायरने लॅपटॉपला जोडायची, जुनीची जशीच्या तशी प्रत नवीवर उतरवायची, मग स्क्रू काढून अदलाबदल. याला क्लोन म्हणतात. व्हिडिओतला तो पोरगा हे सगळं चहा पीत करतो. "बस, इतना ही करना है, दोस्तों." दोस्त इकडे सकाळपासून बसलेत.

अवि साताऱ्याला, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नको. तुला जमायचं नाही ते." म्हणून तर लावला.

कादंबरी १५ तारखेला प्रकाशक बाईंना द्यायची. तीन वर्षं लिहितेय. एकच प्रकरण राहिलंय. लॅपटॉप अडकलाय म्हणून हे वहीत.

बुध., ४ फेब्रु.

जुन्या डिस्कवर काही जागा वाचता येत नव्हत्या, म्हणून अडत होतं. डिस्क तपासणी लावली. मग 'सेक्टर बाय सेक्टर' निवडलं. म्हणजे आत काय आहे ते न बघता सगळंच्या सगळं उचलायचं. १०० टक्के! एकटीच टाळ्या वाजवल्या.

मागचं झाकण उघडलं. एक स्क्रू फ्रिजखाली गेला, गेला तर गेला. नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. निळा पडदा. रिकव्हरी की टाका म्हणे, अठ्ठेचाळीस आकडी. डिस्कला कुलूप आहे म्हणे. मी कधी घातलं कुलूप?

दुसऱ्या एका व्हिडिओत सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी चिप साफ करा. केली. तरी तेच. जुनी परत बसवली. आता तीही की मागायला लागली.

दोन्ही डिस्क ओट्यावर शेजारी शेजारी. दोन्हीत माझी कादंबरी आहे आणि मला एकही उघडत नाही. माझ्याकडे बाहेर आहे ते एका पेनड्राइव्हवर, पहिली चार प्रकरणं, तीही कच्ची. वाटी आपटली. फुटली नाही, स्टीलची.

गुरु., ५ फेब्रु.

वाशीला दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर केली नाही.

"चिप साफ केली? मग की लागणारच, मॅडम. लॅपटॉप पैल्यांदा कोणाच्या आयडीने चालू केलेला? त्या अकाउंटमध्ये असते."

"माझाच लॅपटॉप आहे."

"आयडी बोलतोय मी."

फोनवर माझं खातं उघडून दाखवलं. त्यात एकही लॅपटॉप नाही.

"मग सरांचा असेल. सरांना घेऊन या ना. नायतर फॉरमॅट मारून देतो, एकदम नवीन. डेटा काय असतो, फोटोबिटो."

फोटोबिटो.

रिक्षात आठवलं. चार वर्षांपूर्वी अविने जेवणाच्या टेबलावर खोका उघडला होता. मी भाजी निवडत होते. "थांब, मी सेट करून देतो." त्याचा ईमेल, त्याचा नंबर. गॅस त्याच्या नंबरवर, वीज त्याच्या नंबरवर, सोसायटीचं ॲप त्याच्या नंबरवर. माझ्या वाचनालयाची वर्गणी भरायची तरी ओटीपी न्हावा शेवा बंदरावर त्याच्या ऑफिसात वाजतो. मी कधी काही बोलले नाही. सोयीचं होतं.

संध्याकाळी फोन लावला.

"कशाला उघडत बसलीस? मी आलो असतो की."

"तुझ्या अकाउंटचा पासवर्ड सांग. ओटीपी येईल तो वाच."

"पासवर्ड आठवत नाही आता."

बंदरातून माल सोडवून देणारा क्लिअरिंग एजंट माणूस. मागच्या महिन्यातल्या कंटेनरचे नंबर झोपेत म्हणून दाखवेल. म्हणे आठवत नाही!

"अवि, १५ तारीख आहे माझी."

"आईच्या डोळ्यात थेंब घालायचेत. रविवारी येतोय ना, तेव्हा बघू." ठेवला.

एका म्हातारीच्या डोळ्यांतल्या थेंबांवर रागावता येत नाही. मग तो राग कुठे ठेवायचा?

शुक्र., ६ फेब्रु.

शाहीन आली, बेलापूरहून, कोर्टाचा काळा कोट हातावर. कॉलेजपासूनची मैत्रीण, उरणची. सगळं ऐकून म्हणाली, "तू त्याची बायको आहेस की नॉमिनी?"

हसू आलं नाही. तिने चहा स्वतःच टाकला. मग विचारलं, "कादंबरी ठेवली होतीस कुठे नक्की?"

सांगितलं. डॉक्युमेंट्समध्ये, 'लाइट बिल' नावाच्या फोल्डरमध्ये. कुणी उघडू नये म्हणून. पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायची नव्हती, घरात तर नाहीच. त्यात एक नवरा आहे, माधव नावाचा. मुकाट जेवणारा.

शाहीन आधी हसली. मग एकदम थांबली.

"एक मिनिट. तुमच्या घरात लाइट बिल कोण भरतं?"

"अवि."

"कारण अकाउंट त्याचं असेल ना, तर तुझ्या डॉक्युमेंट्सची प्रत आपोआप त्याच्या खात्यात, क्लाउडवर, जात असणार. आमच्या ऑफिसात झालेला हा घोळ. म्हणजे बघ, कादंबरी शाबूत आहे. मुबारक!"

तिच्यावर ओरडले. तिने कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "ओरड. पण त्याच्यावर ओरडायचं थोडं शिल्लक ठेव."

रवि., ८ फेब्रु.

अवि दुपारी आला. आईंना दिसायला लागलंय, त्यांनी म्हणे पहिलं त्याचं टक्कल पाहिलं. हे सांगताना तो हसला, आणि मीही हसले असते.

लॅपटॉप त्याने ऑफिसचा उघडला. पासवर्ड एका दमात टाइप केला. एकदाही थांबला नाही. मी बघत होते.

की मिळाली. उतरवून घेतली. तो लॅपटॉप मिटायला लागला.

"डॉक्युमेंट्स दाखव."

"कशाला? की मिळाली ना?"

"दाखव."

'लाइट बिल'. सगळी प्रकरणं, डिस्क भरली त्या दिवसापर्यंतची. माझं सगळं, त्याच्या नावाखाली.

"उघडलं होतंस?"

"बिल शोधत होतो गं. एकदाच. लगेच बंद केलं."

"कधी?"

"झालं वर्ष."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? तुझं तू लिहितेस, म्हटलं लिही."

मी इतकी ओरडले की वरच्यांचा टीव्ही बंद झाला. तो मोजे काढत बसला होता. एकाच पायातला निघाला.

सोम., ९ फेब्रु.

भांडी घासताना विचार. त्याने वाचली असती तर मी त्याला माफ केलं नसतं. आणि नाही वाचली, तर? बायकोची दोन वर्षं तेव्हा त्याच्या पुढ्यात होती, आणि चुकून शेजाऱ्यांचं दार उघडावं तसं त्याने ते ओढून घेतलं. याचाच राग जास्त येतोय. हे शाहीनला सांगणार नाही.

मंगळ., १० फेब्रु.

अठ्ठेचाळीस आकडे टाकले. नवी डिस्क उघडली. कादंबरी आहे.

पण डिस्क चौपट मोठी आणूनही जागा जुनीइतकीच दिसत होती. बाकीची रिकामी, हात लावता येईना. मध्ये एक छोटा कप्पा आडवा बसलेला. तो शेवटी सरकवला, मग जागा जोडली गेली. हे सगळं मी केलं. अविने एकदा डोकावून "जमतंय का?" विचारलं, आणि माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर बघून लगेच गेला.

नवीन खातं. माझा ईमेल, माझा नंबर. त्याच्या खात्यातलं 'लाइट बिल' त्याच्यासमोर कायमचं पुसलं.

"हो, काढ की," म्हणाला.

गुरु., १२ फेब्रु.

आज कढी केली होती. अविने वाटी उचलली, तोंडाला लावली, एका घोटात संपवली. लग्नापासून असाच पितो.

मग वाटीकडे बघत म्हणाला, "त्याला कढी आवडत नाही असं कशाला लिहिलंस?"

"कुणाला?"

"त्या माधवला. बायकोला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून पितो म्हणे."

ते वाक्य एकोणिसाव्या प्रकरणात आहे. ते मी दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबरात लिहिलं.

म्हणजे एकदाच नाही. लगेच बंद केलं नाही. मी लिहीत गेले आणि हा मागोमाग वाचत आला, डिसेंबरपर्यंत. रोज माझ्यासमोर जेवून.

"मला आवडते कढी," तो म्हणाला. "गार झाली की मजा जाते, म्हणून पिऊन टाकतो."

"वाचायच्या आधी मला विचारायचं होतंस." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"हो. चुकलंच ते." उठला. वाटी बेसिनमध्ये ठेवली. पाठमोराच म्हणाला, "लिहायच्या आधी तू तरी कुठे विचारलंस?"

शनि., १४ फेब्रु.

उद्या द्यायची आहे. दोन दिवस आम्ही फक्त पाणी आलं का, गॅस बंद केला का, एवढंच बोलतो.

राग गेलेला नाही. त्याने कुलूप घातलं, किल्ली स्वतःकडे ठेवली, आत येऊन जाऊन राहिला आणि चोरासारखा खोटं बोलला. हे सगळं खरं आहे. त्याला अजून काय काय चुकीचं वाटलं, कुठली पानं त्याने दोनदा वाचली, हे विचारावंसं वाटतं हेही खरं आहे. विचारणार नाही.

मघाशी दारात उभा राहिला. आत आला नाही.

"शेवट झाला लिहून?"

"नाही."

"जाते का ती?"

मग तो गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेला.

शेवटचं प्रकरण त्याच्या खात्यात कधी गेलं नव्हतं, कारण ते लिहिलेलंच नव्हतं. त्यात माधवची बायको बॅग भरते आणि जाते. तीन वर्षं हे पक्कं होतं. दुपारपासून तिला दारापर्यंत आणून ठेवली आहे. बॅग तिच्या हातात आहे. आत माधव जेवतोय, आणि त्याच्या वाटीत काय वाढायचं ते मला ठरवता येत नाहीये.